जपाननंतरची शेवंतीआते

शेवंतीआते गेली त्या सकाळी मी रत्नागिरीच्या मासळीबाजारात एका बाईशी बांगड्यांवरून हुज्जत घालत होतो. म्हणजे हुज्जत ती घालत होती, मी हरत होतो. तेवढ्यात मंडणगडकडच्या आमच्या वाडीतून फोन आला, सीताकाकीचा. सीताकाकी आतेची शेजारीण. आते उपकेंद्रात नर्स होती तेव्हा काकी दाई म्हणून तिच्याबरोबर डोंगर चढायची-उतरायची. फोनवर काकी नेहमी ओरडून बोलते, मधला फोन काढून टाकला तरी ऐकू येईल इतकं. त्या दिवशी ती हळू बोलली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "शेवंती गेली रे. आंघोळ केलान, पाय घासलान, ओटीवर येऊन बसली ती बसलीच." मी तसाच स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या गाडीत चढलो. बांगड्यांची पिशवी हातातच आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, कंडक्टरच्या आलं. शेवटी खेडच्या स्टँडवर एका अनोळखी बाईला ती पिशवी देऊन टाकली. तिनं आधी संशयानं वास घेतला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता घेतली.

आतेचा जलदानविधी झाला, शोकसभा झाली. आमच्या घरात चार शब्द बोलायचे असले की मला उभं करतात. मी जिल्हा परिषदेत कारकून, पण लग्नाबारशांत घरच्या गोष्टी रंगवून सांगणारा अशी माझी ख्याती आहे. या ख्यातीमुळे माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही, हा भाग वेगळा. तर मी उभा राहिलो आणि आतेबद्दल बोलायचं म्हणून आजोबांपासून सुरुवात केली. "आजोबा पलटणीबरोबर जपानला गेले. बाँबनं जळलेल्या हिरोशिमात त्यांनी तीन दिवस..."

"तीन तास!" मागून सीताकाकी. "तीन तास रे बाबा. मेल्यावर तरी तिचं ऐक."

कुणी हसलं नाही. मी "तीन तास" म्हणालो आणि खाली बसलो. आतेनं मला बजावून ठेवलं होतं, "माझ्याबद्दल लिवशील तवा वाढवू नको. आपल्या घरात एकदा वाढवून झालंय." म्हणून इथे वाढवत नाही. जमेल तितकं.

आजोबांचं नाव राघोजी, पण पंचक्रोशीत ते 'जपानवाले'. लढाई संपल्यावर त्यांची पलटण जपानच्या बंदोबस्तावर गेली. बाँब पडून तेव्हा आठ-नऊ महिने झाले असतील. परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक लोकरी कोट आणि एक कौलाचा तुकडा घेऊन. तुकडा तळहाताएवढा, काळपट. त्याच्या पाठीवर फोड होते. आंबोळीच्या पिठाला तव्यावर येतात तसे, पण दगडी. बाँबच्या उष्णतेनं कौल उकळलं, त्याचे हे बुडबुडे, असं आजोबा सांगत. संध्याकाळी ओटीवर माणसं जमायची आणि आजोबा तो तुकडा मांडीवर ठेवून सुरू करायचे... सहा महिने आपण त्या शहरात होतो, राख उपसली, हाडं गोळा केली, तिथलंच पाणी प्यायलो, तिथेच निजलो, आणि बघा, ठणठणीत आहे. दर वर्षी त्यात काहीतरी भर पडायची. मी त्यांना नावं ठेवायला गेलो की आमची ही म्हणते, आरशात बघून बोला.

पण ते वाढवून का सांगत, हे कळायला आमची वाडी कुठली ते कळायला हवं. धर्मांतराच्या आधीचे ते दिवस. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता, वाण्याच्या दुकानात मीठ आमच्या ओंजळीत वरून टाकत. आणि त्या गावची माणसं, जी आमच्या वाडीत पाऊल ठेवत नसत, ती अंगणाच्या कडेला उभी राहून आजोबांची गोष्ट ऐकायची. उभी राहायची, बसायची नाहीत, पण ऐकायची. जन्मात पहिल्यांदा गाव आपलं ऐकतंय म्हटल्यावर माणूस तीन तासांवर कसा थांबेल? मी तर नसतो थांबलो.

आतेचा जन्म आजोबा जपानहून परतल्यानंतरचा. माझे वडील थोरले, आजोबा पलटणीत जायच्या आधीचे. हा फरक आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. आते एकोणीस वर्षांची झाली, दापोलीकडचं स्थळ आलं, मुलगा मुंबईत गिरणीत. मुलगी पसंत पडली. चहा झाला, आणि पाहुण्यांची करमणूक म्हणून आजोबांनी तुकडा बाहेर काढला. मुलाचा मामा मुंबईत चार पुस्तकं वाचलेला. तो ऐकता ऐकता गप्प झाला. आठवड्याने पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, की मुलीचे वडील त्या शहरात सहा महिने राहिले, तिथलं पाणी प्याले, आणि त्या बाँबचं पुढच्या पिढीला लागतं असं ऐकण्यात आहे, तरी क्षमा असावी. पोस्टकार्ड उघडंच असतं. आमच्या हातात पडायच्या आधी ते निम्म्या वाडीनं वाचलेलं होतं.

मग सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. आतेच्या पाठची दोन मुलं जन्मतःच गेली होती. त्या काळात मूल गेलं नाही असं घर वाडीत शोधावं लागलं असतं, पण आमच्या घरातली गेली ती जपानमुळे, असं ठरलं. आतेला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या, त्याही जपानच्याच. माझ्या वडिलांचं लग्न बिनबोभाट झालं, कारण ते 'जपानच्या आधीचे'. आते 'जपाननंतरची'. एका आईबापाची दोन मुलं, एक आधीचं, एक नंतरचं. बायका तिच्याशी नीट बोलत, पण लेकुरवाळ्या बाया तिच्या हातात तान्हं मूल देत नसत. गावच्या विहिरीवरची अडवणूक नुकती कुठे संपत आली होती, त्यात हे दुसरं सुरू झालं. आणि या वेळी अडवणारी आपलीच माणसं होती. सीताकाकी एकदा म्हणाली होती, "आमी पण त्यात व्हतो रे. मी माझा बाळ्या तिला कवा दिला नाय घ्यायला. आता काय सांगू."

दुसरं स्थळ खाली राजापूर तालुक्यातलं, नाटे गावाच्या बाजूचं. इतक्या लांब जपान पोचणार नाही असा घरच्यांचा अंदाज. पण मुंबईत गावोगावच्या चाकरमान्यांच्या खोल्या असतात. एका खोलीतली बातमी दुसऱ्या खोलीत जायला जिन्याइतकंच अंतर. ते लोकही बिचकले. तेव्हा आजोबा स्वतः निघाले. तीन गाड्या बदलून तिथे पोचले आणि मुलाच्या अंगणात उभे राहून चारचौघांत म्हणाले, "मी खोटं बोललो. तिथं मी तीन तास व्हतो. ट्रक बिघडला म्हणून थांबलो. पाणी आमच्या टाकीतलं प्यायलो. राख उपसली नाय, हाड बघितलं नाय. बाकी समदं मी जोडलंय."

आयुष्यभर ज्याची फुगवलेली गोष्ट लोकांनी खरी मानली, त्याच्या या खऱ्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही. मुलाचा बाप सौम्यपणे म्हणाला, "राघोजीबाबा, मुलीसाठी बाप काय काय बोलतो, आम्हाला समजतं." आजोबा परत आले आणि त्या दिवसापासून ओटीवर गोष्ट बंद झाली. पुढे बाकीच्या गोष्टीही बंद झाल्या. मी पाहिलेले आजोबा जेवणापुरते बोलणारे होते. माझ्या अंगात ही बडबड आली कुठून, असं लोक विचारत तेव्हा आजी फक्त त्यांच्याकडे बघायची.

आता माझा प्रवेश. स्थळ मोडल्यावर आजीनं तो कौलाचा तुकडा न्हाणीच्या मागे भिरकावला. माझी आई तेव्हा घरात नवी सून, गरोदर. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तुकडा दाखवला नव्हता. तिला न्हाणीमागे एक छानशी वजरी सापडली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वजरी म्हणजे टाच घासायचा खरखरीत दगड. आमच्याकडे प्रत्येक न्हाणीच्या कोनाड्यात एक असतो. आईनं ती धुतली, कोनाड्यात ठेवली आणि दोन महिने रोज त्या दगडानं टाचा घासल्या. एक दिवस आजी पाणी तापवायला गेली आणि तिनं ते पाहिलं. तिच्या किंचाळण्यानं वाडी गोळा झाली. सून हिरोशिमानं पाय घासत होती, आणि तिच्या पोटात मूल.

ते मूल म्हणजे मी. पुढचे पाच महिने माझी जितक्या लोकांनी वाट पाहिली, तितक्या लोकांनी नंतर कधी पाहिली नाही. आईला कुणी काही बोललं नाही, पण तिच्या ताटातलं कुणी उष्टं खाईना. तेव्हा आते उठली आणि आजीनं पुन्हा फेकलेला तुकडा परत आणला. "वहिनीला काय व्हायचं ते मनापण होऊ दे," म्हणाली आणि सगळ्यांसमोर न्हाणीत बसून टाचा घासल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या जन्माच्या वेळी दाईच्या शेजारी ती बसली होती. मला उजेडात धरून तिनं आधी माझ्या हातापायांची बोटं मोजली, मग मुलगा की मुलगी ते पाहिलं. वीसच्या वीस. "तू माझा पुरावा हायस," असं ती मला सांगायची. आमची ही म्हणते, तुमच्याकडे बघून बाँबचा काही परिणाम होत नाही असं ठामपणे सांगता येणार नाही.

पुरावा कुणी मानला नाही. माझी वीस बोटं 'जपानच्या आधीच्या' बापाची, असं वाडीनं ठरवलं. आते मग नर्सचं शिकायला गेली. मंडणगडच्या डॉक्टरांना तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "बाई, आठ महिन्यांनी तीन तास तिथून गेलेल्या माणसाच्या मुलीला यातलं काही नाही." ती म्हणाली, "लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. तो कागद तिनं कुणाला दाखवला नाही. दाखवायचा तरी कुणाला? ती तिशीला येईस्तोवर स्थळं यायची थांबली होती. नंतर एक बिजवर आला, त्याला तिनंच नाही म्हटलं. "आता मना टाइम नाय," म्हणाली, "कुडुकच्या बाजूला दोन बाळंतपणं हायत." ज्या बाया तिच्या हातात मूल देत नव्हत्या, त्यांच्या सुनांची बाळंतपणं तिनं केली. प्रत्येक मुलाची बोटं दोनदा मोजायची. एकदा आईसाठी, असं सीताकाकी सांगते. दुसऱ्यांदा कुणासाठी, ते काकी सांगत नाही.

आणि रोज सकाळी त्या तुकड्यानं टाचा घासायची. कुणी पाहो न पाहो. मला वाटायचं, हा म्हातारीचा हट्ट. नर्सगिरीत इतका डोंगर तुडवून तिच्या टाचा एखाद्या शाळकरी मुलीसारख्या होत्या.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या विहारात कार्यक्रमाला एक जपानी भिक्खुणी आल्या. साठीच्या, बारीक, मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्या. वाडीत 'जपानवाल्यांचं घर' आहे कळल्यावर कुणीतरी कौतुकानं त्यांना आमच्याकडे आणलं. मी सुट्टीवर होतो, म्हणून दुभाष्या. माझं हिंदी कसं आहे ते ऑफिसात विचारा. लाल मातीनं भरलेले पाय धुवायला आते त्यांना न्हाणीत घेऊन गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि थांबला. मी डोकावलो तर भिक्खुणी ओल्या दगडावर बसल्या होत्या, तुकडा दोन्ही हातांत. "ये... हमारे शहर का है," त्या म्हणाल्या.

आते इतकी गडबडलेली मी कधी पाहिली नव्हती. "मी... मी त्यानं पाय घासतंय. त्यांना सांग, मना अपमान करायचा नाय." मी सांगितलं. मग ती तिथेच, न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता मी सांगते ते तसंच सांग. एक शब्द वाढवू नको." आणि तिनं जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. आजोबांनी मरायच्या आधी तिला एकटीला सांगितलेलं.

ट्रक बिघडला तिथे रस्त्याच्या कडेला एक बाई बसली होती. तिच्या गळ्यावर, हातांवर भाजल्याचे वण. आजोबांनी खिशातला बिस्किटांचा पुडा काढला. तिनं ओंजळ पुढे केली. बरोबरच्यांनी सांगितलं होतं, इथल्या लोकांना हात लावू नका, लागण होते. आजोबांनी पुडा वरून टाकला. तिच्या ओंजळीत, हात लागू न देता. तिनं वाकून नमस्कार केला आणि बदल्यात द्यायला जवळ होतं ते एक फुटकं कौल पुढे केलं. आजोबांनी खूण केली, खाली ठेव. तिनं खाली ठेवलं. त्यांनी ते रुमालानं उचललं. एवढंच. "बाबा बोलले," आते म्हणाली, "वाणी मना मीठ वरून टाकायचा, तवा त्याचं तोंड कसं दिसायचं ते मना म्हाईत हाय. त्या दिवशी माझं तोंड तसं झालं व्हतं. ते कुणाला कसं सांगू? म्हणून दुसरंच सांगत बसलो."

मी तसंच सांगितलं. माझ्या हिंदीत वाढवायला शब्दच नव्हते, हे बरं झालं.

भिक्खुणींनी तुकडा मांडीवर ठेवला. मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. बाँब पडला तेव्हा आई शाळकरी मुलगी, त्याच शहरात. वाचली. पण पुढे लग्न ठरवताना लोक चौकशी करत, मुलगी त्या दिवशी कुठे होती. तिनं सांगितलं, मामाच्या गावी. नवऱ्याला हेच सांगितलं, मुलांनाही हेच. तिथे असल्याचा दाखला काढला की औषधपाणी फुकट मिळे. तिनं तो कधी मागितला नाही, कारण कागद झाला की तो मुलींच्या लग्नात आडवा येणार. आजारपणं अंगावर काढली. ती गेल्यावर मावशीनं खरं सांगितलं. "माझी आई तिथे होती आणि नव्हते म्हणाली," भिक्खुणी म्हणाल्या, "तुमचे वडील तिथे नव्हते आणि होतो म्हणाले." न्हाणीतल्या बादलीत वरून पाणी टपकत होतं... मला वाटलं दोघी रडतील, मी बाजूला व्हायच्या तयारीत होतो. पण आते म्हणाली, "त्यांना विचार, त्यांचं लगीन झालं?" मी विचारलं. भिक्खुणींनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि दोघी इतक्या हसल्या की सीताकाकी कुंपणापलीकडून विचारायला आली, काय झालं.

निघताना आतेनं तो तुकडा धुऊन, पुसून त्यांच्या पुढे धरला. "तुमचा तुम्ही घेऊन जा." त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि परत तिच्या हातात दिला. हात हातात धरून. त्या म्हणाल्या, आमच्याकडे असे तुकडे काचेच्या पेटीत असतात, हात लावू देत नाहीत. हा इथेच राहू दे.

त्यानंतर आते पंधरा वर्षं जगली. डॉक्टरांचा कागद आता ट्रंकेत सापडला, घडी न मोडलेला. घर बंद करायचं की ठेवायचं यावर आमची चर्चा चालू आहे. मागच्या रविवारी आम्ही सगळे साफसफाईला गेलो. माझी मुलगीही हट्टानं आली, सातवा महिना असताना. न्हाणीच्या कोनाड्यात तुकडा होता. मी तो इतक्या वर्षांत नीट पाहिलाच नव्हता. पाठ गुळगुळीत झालेली, गोट्यासारखी. फोड झिजून गेलेत. फक्त एका कोपऱ्यात, जिथे टाच पोचत नसणार, दोन शिल्लक आहेत.

मुलगी मागून आली. दिवसभर अंगणात वावरून तिचे पाय मातीनं माखलेले. ती दगडावर बसली, कोनाड्यात हात घातला आणि तुकडा काढून टाच घासायला लागली. तिला सगळी गोष्ट ठाऊक आहे, माझ्याकडूनच, सगळ्या आवृत्त्यांसह. मी स्वतः या तुकड्याचा पुरावा. वीस बोटं घेऊन पंचावन्न वर्षं हिंडतो आहे. आणि तरी माझं तोंड उघडलं. "अगं, तो नको..." इतकं ओठांपर्यंत आलं होतं.

"काय हो बाबा?" तिनं मान वर केली.

"काही नाही," म्हणालो, आणि तांब्या भरून तिच्या पायांवर पाणी ओतलं.